ऋषिऋण आणि परदेशी निघालेले मूल

विज्ञानाची ओढ असलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला परदेशी विद्यापीठात पाठवायचे ठरले, की घरात कागदपत्रांची धावपळ सुरू होते. पासपोर्ट, गुणपत्रिका, इंग्रजीची परीक्षा, बँकेचे कर्ज, व्हिसा यांत वर्ष-दीड वर्ष सहज निघून जाते. या सगळ्या तयारीच्या बुडाशी असलेला धर्मविचाराचा प्रश्न मात्र क्वचितच बोलला जातो. शिकण्यासाठी घर सोडणाऱ्या मुलाचे घराशी नाते काय? त्याला मदत करणे हे घराचे कर्तव्य कुठवर? त्या मदतीच्या बदल्यात त्याच्याकडे काय मागण्याचा घराला अधिकार आहे? हे प्रश्न व्हिसाच्या काळात निर्माण झालेले नाहीत. भारतीय परंपरेने त्यांचा विचार फार पूर्वी केला आहे, आणि त्या विचारातला काही भाग आजच्या घरालाही उपयोगी पडण्यासारखा आहे.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न समुद्रप्रवासाच्या रूपाने उभा राहिला. बौधायन धर्मसूत्रात माणसाला पतित करणाऱ्या कृत्यांची यादी आहे आणि समुद्रप्रवास तिच्यात पहिला येतो. त्याचे प्रायश्चित्त तीन वर्षांचे: दर चौथ्या भोजनवेळी थोडेसे खायचे, त्रिकाळ स्नान करायचे, दिवस उभ्याने आणि रात्र बसून काढायची. याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी मात्र समुद्रप्रवास हा उत्तरेकडच्या लोकांचा देशाचार म्हणून नोंदवलेला आहे, लोकरीच्या विक्रीच्या आणि शस्त्रांवरच्या उपजीविकेच्या जोडीला. मनुस्मृतीही दोन गोष्टी सांगते. समुद्रावर जाणाऱ्याला ती श्राद्धाच्या पंक्तीतून वगळते आणि व्याजाच्या बाबतीत समुद्रप्रवासात मुरलेल्या माणसांनी ठरवलेला दर प्रमाण मानते. पुढे मध्ययुगीन निबंधकारांनी हा निषेध कलिवर्ज्यांत, म्हणजे पूर्वी चालत असलेल्या पण कलियुगात टाकायच्या आचारांत घातला. समुद्रावरून परतलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी त्याला पंक्तीत घेऊ नये, इथपर्यंत तो कडक झाला. मराठी घरांत आचाराचे निर्णय ज्यांवरून होत, त्या निर्णयसिंधू आणि धर्मसिंधू या ग्रंथांनीही कलिवर्ज्यांची प्रकरणे दिली आहेत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या कल्पनेची सविस्तर चिकित्सा केली. तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पूर्वी चालत होते ते आता टाकावे असे म्हणण्याची सोय धर्मशास्त्राने स्वतःच ठेवली होती, म्हणजे आचार काळानुसार बदलतो हे त्याला मान्य होते. ही सोय बंदी घालायला वापरता आली, तशी ती उठवायलाही वापरता येत होती.

निषेध समुद्राचा असला तरी भीती पाण्याची नव्हती. जहाजावर कोणाच्या हातचे अन्न खाणार, संध्या कशी करणार, कोणाच्या संगतीत राहणार आणि परत येताना धर्म बदलून येणार की काय, हे खरे प्रश्न होते. शेवटची भीती निराधार म्हणता येत नव्हती. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या. वैद्यकाचे शास्त्रीय शिक्षण घ्यायला निघालेली ही मुलगी कल्याणची. जन्म ३१ मार्च १८६५ चा. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले आणि स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळाली पाहिजे हा विचार तिच्या मनात पक्का झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाची अठरा वर्षे पुरी व्हायच्या आधी, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने इंग्रजीतून भाषण केले. लोक विचारत होते ते प्रश्न तिने एकेक करून घेतले. अमेरिकेलाच का? भारतात शिकायची सोय नाही का? एकटीच का? परतल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? काही अनिष्ट घडले तर? आजवर कोणत्याही बाईने केले नाही ते तूच का करतेस? बहिष्काराबद्दलचे तिचे उत्तर फार नेमके आहे. तिथेही आपण हिंदू म्हणूनच राहणार, पोशाख आणि आहार बदलणार नाही, मग बहिष्काराला कारणच काय, असा तिचा युक्तिवाद होता. त्यापूर्वी तिचे पती गोपाळराव जोशी यांनी मदतीसाठी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला होता, तेव्हा धर्मांतर करा म्हणजे मदत मिळेल असे सुचवले गेले होते. ती अट या दांपत्याने मानली नाही. मदत आली ती न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंकडून, विनाअट. आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या, आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली.

या चरित्राची दुसरी बाजू सहसा झाकली जाते, पण मदतीचा विचार करताना ती झाकून चालत नाही. गोपाळरावांनी पत्नीला शिकवण्यासाठी जे केले ते त्या काळात असाधारण होते. पण ते शिकवणे अनेकदा धाकाने आणि मारहाणीने चालले, हे आनंदीबाईंच्या पत्रव्यवहारातूनच कळते. अमेरिकेत पोचल्यावरही गोपाळरावांची पत्रे संशयाने आणि बोलण्यांनी भरलेली असत. ज्याने दार उघडून दिले तोच पुढल्या प्रत्येक पावलाचा हिशेब मागत होता. आनंदीबाई शिकल्या त्या स्वतःच्या निश्चयावर. म्हणून त्यांच्या यशाचे श्रेय त्या धाकाला देणे अन्यायाचे आहे. आजही घराघरांत मुलांच्या बाबतीत हाच अन्याय निराळ्या रूपात होत असतो.

समुद्रबंदीचा शेवट वादात विजय मिळून झाला नाही. लोक जात राहिले, परतणाऱ्यांना प्रायश्चित्त देऊन पंक्तीला घेतले जाऊ लागले, आणि दोन-तीन पिढ्यांत प्रायश्चित्तही मागे पडले. मोहनदास गांधी १८८८ मध्ये मुंबईहून विलायतेला निघाले, तेव्हा त्यांच्या जातीने त्यांना बहिष्कृत केले. १८९१ मध्ये ते परतले, तेव्हा वडील भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवले आणि पुढे राजकोटला जातीला जेवण दिले. गांधींना यातले काही मनापासून पटलेले नव्हते. भावाच्या प्रेमाखातर त्यांनी ते केले.

आता कोणी नाशिकला नेत नाही. तरी जुन्या प्रश्नाचा गाभा तसाच राहिला आहे. मुलगा आपले विसरेल, तिकडचाच होऊन जाईल, आपण म्हातारपणी एकटे पडू, ही भीती घरात असते आणि ती प्रामाणिक असते. तिचे काय करायचे, हा आजच्या तयारीतला पहिला विषय असायला हवा. त्यासाठी परंपरेतली दुसरी एक कल्पना समुद्रबंदीपेक्षा कितीतरी अधिक कामाची आहे.

ती म्हणजे ऋणांची कल्पना. तैत्तिरीय संहिता सांगते की जन्माला येणारा तीन ऋणे घेऊन येतो. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने म्हणजे अध्ययनाने फिटते, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने. या मांडणीत अध्ययनाला स्वतंत्र जागा आहे. शिकणारा जे फेडतो ते आईवडिलांचे देणे नसते. त्याच्या आधी ज्यांनी पाहिले, शोधले, सांगितले, त्यांचे ते देणे असते, आणि ते फेडायची रीत एकच: शिकायचे, तपासायचे, पुढे द्यायचे. आईवडिलांचे ऋण खरे आहे, पण त्याची वाट वेगळी आहे. ही दोन ऋणे एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो. ‘आम्ही तुझ्यासाठी एवढे केले, आता तू अमुकच शिक’ हे वाक्य त्या गोंधळातून येते. ते म्हणणारे आईवडील वाईट नसतात. ऋषींचे देणे ते नकळत आपल्या नावावर वसूल करत असतात, इतकेच.

या कल्पनेवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. तैत्तिरीय संहितेचे वचन ब्राह्मणाविषयी आहे, आणि पुढच्या स्मृतींनी शूद्रांना आणि स्त्रियांना वेदाध्ययनापासून दूर ठेवले. ज्यांना शिकूच दिले नाही त्यांच्यावर ऋषींचे ऋण कसले? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. ती महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी होती, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानात नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये तो करार पाळायला ते बडोद्याला गेले, तर तिथे राहायला जागा मिळेना आणि कचेरीत शिपाईही विटाळाच्या भीतीने फायली दुरून टाकत. विद्येचे देणे ते फेडत होते आणि समाज ते स्वीकारायला तयार नव्हता. ऋषिऋणाची कल्पना आज वापरायची तर जन्माची अट काढून टाकूनच वापरली पाहिजे. त्याला आधार परंपरेतच सापडतो. शतपथ ब्राह्मण जो कोणी अस्तित्वात आहे तो प्रत्येक जण जन्मतःच ऋणी आहे असे म्हणते आणि तीन ऋणांत चौथे मनुष्यऋण मिळवते. ते अतिथीला आसरा आणि अन्न देऊन फिटते. परक्या देशात अनोळखी लोकांच्या भरवशावर राहायला निघालेल्या विद्यार्थ्याला हे चौथे ऋण लवकरच समजते.

ऋषिऋण ही भूमिका धरली, की तयारीतले अनेक व्यवहारी प्रश्न वेगळे दिसू लागतात. पहिला प्रश्न विषयाचा. विज्ञानाची आवड असलेल्या मुलाला पदार्थविज्ञान हवे असते आणि घराला संगणकशास्त्र, कारण नोकरी. येथे घराने नोकरीची चिंता सोडून द्यावी असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. परंतु चिंता मुलासमोर आकड्यांनिशी ठेवणे वेगळे आणि निर्णय त्याच्या हातून काढून घेणे वेगळे. निरनिराळ्या देशांच्या रचना इथे उपयोगी पडतात. ब्रिटनमध्ये विद्यार्थी बहुधा अर्ज करतानाच एका विषयाला बांधला जातो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत ठरवता येतो. जर्मनीत बारावीनंतर लगेच थेट प्रवेश बहुतेकांना मिळत नाही. आधी पूर्वतयारीचे वर्ष किंवा भारतात पदवीचे एक वर्ष करावे लागते. ज्या मुलाची आवड अजून दोन-तीन विषयांत फिरते आहे, त्याला केवळ नावाजलेले म्हणून ब्रिटनमधले विद्यापीठ निवडून देणे म्हणजे त्याच्या शोधाला अकाली कुंपण घालणे होय.

दुसरा प्रश्न सत्याचा, आणि तो सर्वांत अवघड आहे. अर्जात विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहायचे असते. अमेरिकेच्या सामायिक अर्जात निबंधाची कमाल मर्यादा ६५० शब्द आहे. ब्रिटनमध्ये २०२६ च्या प्रवेशापासून एका सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे मागितली जातात, सर्व मिळून ४,००० अक्षरांत. समजा, कोकणातल्या एका मुलीने जून ते ऑक्टोबर दर रविवारी घरामागच्या विहिरीत दोरी सोडून पाण्याची खोली मोजली. दोरीला हातभर अंतरावर गाठी, टोकाला पितळी कडी. ऑगस्टमध्ये एका आठवड्यात पाऊस दणकून पडला तरी पातळी वाढली नाही, आणि त्यानंतर चार दिवस उघडीप असताना ती वाढली. हे का झाले हे तिला नीट कळलेले नाही. जांभ्यातून पाणी झिरपायला वेळ लागत असावा असा तिचा अंदाज आहे, आणि वहीत तिने तो प्रश्नचिन्ह घालून लिहिला आहे. आता हा मजकूर सल्लागाराकडे जातो आणि परत येतो तेव्हा त्यात जागतिक जलसंकट असते, खेड्यातल्या स्त्रियांचे हाल असतात, बदल घडवण्याची जिद्द असते, आणि ते प्रश्नचिन्ह गायब झालेले असते. वाक्ये सफाईदार झाली आणि मुलगी त्यातून निघून गेली.

घराने येथे काय करावे, याचे उत्तर धर्मविचारात स्पष्ट आहे. शिष्य गुरुगृहाहून निघताना आचार्य त्याला जो उपदेश करतो, तो तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आला आहे, आणि त्यात पहिली आज्ञा सत्य बोलण्याची आहे. शुद्धलेखन तपासणे, वाक्य कळत नाही असे सांगणे, ‘इथे तुला नेमके काय म्हणायचे आहे?’ असे विचारणे ही मदत आहे. दुसऱ्याच्या हाताने लिहून घेणे ही फसवणूक आहे, मग त्यासाठी कितीही पैसे मोजलेले असोत. तिचा पहिला फटका विद्यापीठाला बसत नाही, मुलाला बसतो. आपली वही पुरेशी नव्हती, आपला प्रश्न दाखवण्यासारखा नव्हता, असे तो त्या वेळी शिकतो. ज्या वयात विज्ञानाची वृत्ती घडायची त्या वयात निरीक्षणापेक्षा देखावा मोठा असे घरानेच शिकवले, तर पुढे कोणतेही विद्यापीठ ते सहज पुसू शकत नाही.

तिसरा प्रश्न श्रद्धेचा. विज्ञानाकडे वळलेली बरीच मुले सोळा-सतराव्या वर्षी देवपूजेबद्दल शंका घेऊ लागतात, आणि परदेशी जाण्याची वेळ नेमकी तीच असते. घराला वाटते की निघण्यापूर्वी संस्कार पक्के करून घ्यावेत. मुलाला वाटते की आपल्याला प्रश्न विचारू देत नाहीत. छांदोग्य उपनिषदातला श्वेतकेतू या ठिकाणी आठवण्यासारखा आहे. बाराव्या वर्षी वडिलांनी त्याला शिकायला धाडले. चोविसाव्या वर्षी सर्व वेद शिकून, स्वतःला मोठा पंडित समजत तो घरी आला. वडील उद्दालक आरुणी रागावले नाहीत. त्यांनी त्याला प्रश्न विचारले, आणि मग हाताने करून पाहायला लावले. वडाचे फळ आण, फोड, आतले बी फोड, काय दिसते ते सांग. रात्री मीठ पाण्यात टाक, सकाळी ते शोधून काढ. मीठ हाताला लागत नाही, पण पाणी वरून, मधून, तळातून चाखले तरी खारटच लागते. मन अन्नावर अवलंबून आहे हे दाखवण्यासाठी तर त्यांनी त्याला पंधरा दिवस केवळ पाण्यावर ठेवले. सोळाव्या दिवशी त्याला वेद आठवेनात, जेवल्यावर आठवू लागले. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी याच संवादांवरून उद्दालकाला निसर्गाचा पहिला शास्त्रीय अभ्यासक मानले.

विज्ञान शिकणारा मुलगा यावर हरकत घेईल आणि ती योग्य असेल. मिठाच्या पाण्याने आत्म्याचे सर्वव्यापित्व सिद्ध होत नाही. तो दृष्टांत आहे, प्रयोग नाही, कारण कोणता निकाल आला असता तर सिद्धान्त चुकीचा ठरला असता हे तिथे सांगितलेले नाही. उपवासाचे उदाहरण प्रयोगाच्या अधिक जवळ जाते. तिथे निकाल उलटा येण्याची शक्यता होती, जरी प्रयोग एकाच माणसावर केला गेला. हा भेद मुलाला करता येतो, ही त्याची तयारी झाल्याची खूण आहे, आणि तो भेद त्याने घरात, वडीलधाऱ्यांसमोर मोकळेपणी बोलून दाखवावा अशी जागा घराने ठेवली पाहिजे. उद्दालकाच्या संवादात मुलगा पुन्हा पुन्हा म्हणतो की मला आणखी समजावून सांगा, आणि वडील प्रत्येक वेळी तयार असतात. संस्कार पक्के करण्याची याहून चांगली रीत परंपरेला ठाऊक नाही.

मुहूर्त आणि कुंडली हा याच प्रश्नाचा नित्याचा भाग. परदेशगमनाचा योग आहे का हे पत्रिकेत पाहण्याची रीत सुशिक्षित घरांतही आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून ज्योतिषांना त्या वेगळ्या करायला सांगितल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि त्यांचे यश सरासरी ४६ टक्के निघाले, म्हणजे नाणे उडवून जे साधले असते त्याहून जास्त नाही. आजीच्या समाधानासाठी निघण्याची वेळ पाहिली तर त्यात कोणाचे बिघडत नाही. मुलाचा विषय, देश किंवा वर्ष पत्रिकेवरून ठरवले तर मात्र ज्या शास्त्राकडे त्याला पाठवायचे त्याचाच घराने अव्हेर केला असे होईल.

शपथांचेही तसेच. गांधींनी निघताना आईसमोर मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ घेतली आणि लंडनमध्ये उपाशी राहण्याची वेळ आली तरी ती पाळली. ती शपथ टिकली, कारण पुढे त्यांनी शाकाहाराचा स्वतः अभ्यास करून तो विचाराने स्वीकारला. अठरा वर्षांच्या मुलाकडून रडून घेतलेली शपथ विचारात मुरली नाही, तर तो ती मोडतो आणि वर घरी खोटे बोलतो. दुसरे नुकसान पहिल्याहून मोठे आहे. रँग्लर र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, परतून त्यांनी अनेक वर्षे फर्ग्युसन कॉलेजात शिकवले, आणि ते उघड बुद्धिप्रामाण्यवादी होते. ज्याने श्रद्धा सोडली त्याने कर्तव्यही सोडले, असे मानणाऱ्यांनी त्यांचे चरित्र वाचावे. शिक्षावल्लीतला आचार्य तर शिष्याला असे सांगतो की आमच्या कृतींपैकी जी निर्दोष असतील तीच उचल, बाकीची नको. कर्तव्याबद्दल शंका आली तर तू असशील तिथली विचारी, सौम्य आणि धर्मनिष्ठ माणसे कशी वागतात ते पाहा आणि तसे वाग. घरापासून दूर जाणाऱ्याला यापेक्षा अधिक विश्वासाने कोणी निरोप दिला असेल असे वाटत नाही.

शरीराची तयारी हा धर्मविचाराबाहेरचा विषय समजला जातो, आणि त्याची किंमत फार मोठी मोजली गेली आहे. आनंदीबाईंची प्रकृती अमेरिकेतल्या थंडीत आणि अपुऱ्या आहारात ढासळली. क्षयाने पुण्यात २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या, बाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. गणिती श्रीनिवास रामानुजन १७ मार्च १९१४ रोजी मद्रासहून निघाले. आईचा विरोध होता. तो नामगिरी देवीच्या दृष्टांतानंतर मावळला अशी हकिगत सांगतात. केंब्रिजमध्ये ते स्वतःचे शाकाहारी जेवण स्वतः रांधत, काम करताना जेवायचे विसरत, आणि महायुद्धाच्या टंचाईत भाजी-फळेही मिळेनाशी झाली. १९१७ मध्ये ते गंभीर आजारी पडले, १९१९ मध्ये परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. आचार सांभाळायचा तर तो सांभाळण्याचे कौशल्य आधी द्यावे लागते. कुकरला डाळ-भात लावणे, चार भाज्या, ताप आल्यावर काय करायचे, मन खचले तर विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे लाज न बाळगता जाणे, हे अकरावीपासून शिकवायचे विषय आहेत, मुलीइतकेच मुलालाही.

राहिला पैसा. येथे ‘ऋण’ हा शब्द बँकेच्या कागदावर येतो आणि दोन्ही ऋणांची सर्वाधिक सरमिसळ याच ठिकाणी होते. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसले तरी राहण्याच्या खर्चापोटी वर्षाला ११,९०४ युरो बंद खात्यात आधी दाखवावे लागतात. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये लागणाऱ्या रकमा याच्या कितीतरी पट असतात. मोठ्या कर्जाला बँक तारण मागते, आणि मध्यमवर्गीय घरात तारण म्हणजे राहते घर किंवा गावाकडची जमीन. हा आकडा मुलापासून लपवू नये. घराची मिळकत किती, कर्ज किती, व्याज किती, हप्ता कधीपासून आणि तो कोण भरणार, हे अर्ज भरण्यापूर्वी एका कागदावर लिहून सर्वांनी एकत्र बसून वाचावे. आकडा कळलेले मूल जबाबदारीने निवड करते. कित्येकदा तेच म्हणते की पदवी इथे घेतो आणि पुढच्या शिक्षणाला शिष्यवृत्तीवर जातो. हा निर्णय कमीपणाचा नाही. पुण्याची आयसर, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची आयआयटी येथून मूलभूत विज्ञानाची पदवी घेऊन संशोधनासाठी बाहेर जाणारा रस्ता रुळलेला आहे. जे करू नये ते एकच: आकडा आधी न सांगता नंतर टोमण्यांतून सांगणे. पैशाचे कर्ज ठरलेल्या हप्त्यांनी फिटते. बोलण्यातून लादलेल्या कर्जाला शेवटचा हप्ता नसतो.

परत यायचे की नाही, हा प्रश्न निघण्यापूर्वी सोडवण्याचा आग्रहही धरू नये. नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले आणि १९७२ मध्ये भारतात परतले. मध्ये पंधरा वर्षे गेली, आणि परतल्यावर त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. न परतलेल्यांतही अनेकांनी तिथूनच विद्यार्थी घडवले. पितृऋणाचा भाग वेगळा बोलावा: आईवडिलांच्या आजारपणात काय, भावंडांची वाटणी काय, फोन किती दिवसांनी. तो प्रेमाचा आणि व्यवहाराचा करार आहे, आणि तो शिक्षणाच्या आड न आणता करता येतो.

ऋषिऋणाची आधुनिक व्यवस्था कशी असू शकते याचा एक नमुना मुंबईतच आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी एक निधी स्थापन केला. तो विद्यार्थ्याला देणगी देत नाही, कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो, मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणासाठी. विद्यार्थी शिकून कमावता झाला की ती रक्कम परत करतो. के. आर. नारायणन त्या निधीतून शिकले आणि पुढे राष्ट्रपती झाले. परत आलेले पैसे फेडणाऱ्यांच्या मागून येणाऱ्या, त्यांच्या ओळखीपाळखीच्या नसलेल्या विद्यार्थ्यांना दिले जातात, आणि हा निधी आजही चालू आहे.